नळीवरचं नाव

माझ्या नावाच्या नळीत मी दुसऱ्या बाईचं रक्त भरलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला माझी उगाच कीव यायला नको.

सोळा वर्षं मी मिरजेतल्या एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम केलं. तान्ह्या पोरांच्या शिरा डॉक्टरांना सापडायच्या नाहीत, तेव्हा 'पद्मजाला बोलवा' म्हणायचे. त्या सकाळी मी माझ्या भावाच्या घरी गेले होते. माझा भाऊ अभिनंदन, त्याची बायको त्रिशला, आमची आई आणि भावाची चार वर्षांची पोरगी नीरजा, अशा चौघांचं रक्त काढलं. पाचवी नळी माझी होती. नीरजाच्या डॉक्टर गुळवणी मॅडमनी बजावलं होतं, "तिच्या पहिल्या चार महिन्यांत घरातले जे जे तिच्या जवळ गेले, त्या सगळ्यांचं पाहिजे. एकही सुटता कामा नये."

"माझं मी लॅबमध्ये काढून घेते, तिथं सोपं पडतं," मी सगळ्यांदेखत म्हणाले. कोण कशाला शंका घेईल? मी घरची, आणि वर त्याच कामातली.

लॅबमध्ये कुपवाडच्या एका मधुमेही बाईचं सकाळचं रक्त उरलं होतं. ते मी जांभळ्या टोपणाच्या नव्या नळीत ओतलं, चिठ्ठी चिकटवली आणि तिच्यावर माझं नाव लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं. मला चीड येते ती याचीच.

ही चाचणी काय आहे, ते मॅडमनी मला एकदा चहा पिता पिता सांगितलं होतं. विषाणू एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाताना जसाच्या तसा जात नाही. त्याच्या अंगावरच्या मजकुरातलं एखाददुसरं अक्षर बदलतं. फोनवर पदार्थाची कृती सांगत गेलं, तर पाचव्या घरी पोचेपर्यंत चमच्याची वाटी होते ना, तसं. आणि आपल्या रक्तात काही पेशी असतात, त्यांचं काम आठवण ठेवणं. ज्या विषाणूशी गाठ पडली, नेमक्या त्याच्याच मापाचं हत्यार त्या शिवून ठेवतात आणि वर्षानुवर्षं जपतात. त्या मापावरून, आपल्याला लागलेल्या विषाणूवर कुठली अक्षरं होती, हे आता वाचता येतं. घरातल्या सगळ्यांची मापं शेजारी ठेवली की कुणाकडून कुणाकडे गेलं त्याची साखळी लागते. सगळ्यात वरच्या माणसाला 'मूळ' म्हणतात. ही चाचणी नातं बघत नाही, वय बघत नाही. फक्त आठवण बघते. म्हणून तर माझी चोरी खपली.

मूळ शोधायचं कशाला? औषधासाठी. या विषाणूचा सुका ताप मोठ्यांना दोन दिवस घसा कोरडा करून जातो. हजारो पोरांतही असाच जातो. पण एखाद्या पोराचं शरीर त्यातून वाट चुकतं. विषाणू मेल्यावरही त्याचे तुकडे आतड्यात दडून राहतात, अंगातल्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात, आणि त्या माऱ्यात स्वतःच्याच रक्तवाहिन्या भाजून काढतात. विषाणू ही नुसती ठिणगी, मॅडम म्हणायच्या, गवत त्या पोराच्या अंगात आधीच वाळलेलं असावं लागतं. ते कुणाच्या अंगात वाळलेलं आहे, हे अजून कुणालाच नीट सांगता येत नाही. पण ज्याच्याकडून ठिणगी आली त्याचं शरीर ती नीट विझवून बसलेलं असतं. त्याच्या आठवणीच्या पेशी घेऊन, त्यांच्यापासून औषध वाढवून पोराला दिलं, की आतड्यातले तुकडे साफ होतात. दहातल्या नऊ पोरांत. मूळ सापडलं नाही तर सरसकट औषध द्यायचं. ते चौघांना लागू पडतं.

नऊ आणि चार. मधली पाच पोरं. मला गणित येत नव्हतं असं नाही.

*

नीरजा आठव्या महिन्यात जन्मली. महिनाभर काचेच्या पेटीत होती, त्यामुळे बारसं लांबलं आणि तिसऱ्या महिन्यात झालं. त्या आठवड्यात गटाराच्या पाण्यावरून काढलेला साथीचा अंदाज सगळ्यांच्या मोबाईलवर आला होता, की शहरात सुका ताप वाढतोय. कुणी वाचत नाही तो. मी वाचला होता.

बारशाच्या सकाळी माझा घसा लाकडासारखा झाला होता. मी लॅबमधली पट्टी काढून नाकात कांडी फिरवली. दोन रेघा आल्या. पट्टी कापसाखाली कचऱ्यात दाबली, तापाची गोळी घेतली आणि साडी नेसले.

का गेले? सांगते, पण सबब म्हणून नाही. मी नवऱ्याला सोडून आले त्याला तेव्हा पाच वर्षं झाली होती. सोडून आलेल्या बाईला आमच्यात कार्यात कुठं बसवतात? मागे. ओटी भरायची वेळ आली की हळूच सांगतात, "तू जरा भजी बघ गं." अभिनंदनच्या लग्नात मी अख्खा दिवस भजी बघितली. ज्या भावाचं शिक्षण मी सुया टोचून केलं, त्याच्या लग्नात. पण बारशाला आत्याशिवाय चालत नाही. बाळाच्या कानात नाव तिनंच सांगायचं. त्या दिवशी मला मागे ढकलायची कुणाची हिंमत नव्हती. आणि आदल्या दिवशी आमची चुलतबहीण सुवर्णा फोनवर म्हणाली होती, "आक्का, तुझा आवाज बसलाय की गं. तुला बरं नसलं तर मी म्हणते नाव. मी पण आत्याच की."

सुवर्णाला मी ते देणार नव्हते. मेले असते तरी नसतं दिलं.

मास्क पर्समध्ये होता. तोवरच्या बारा वर्षांत तान्ह्या पोरांजवळ मास्कशिवाय गेले नव्हते. पण मास्क लावून कुर्रर्र कसं करणार? फोटोत कसं दिसणार?

पाळण्यात वाकले. तिचा कान एवढासा, बोराएवढा. तोंड टेकवलं आणि लांबलचक 'कुर्रर्र' केलं. मागून बायका हसत पाठीत धपाटे घालायला लागल्या, रीतच आहे ती. आईनं घातला, शेजारणींनी घातले, सुवर्णानं तर मनातला राग काढून घेतला. त्रिशला बाळंतीण, अजून अशक्त. तिनं हात नुसता टेकवला आणि म्हणाली, "वन्सं, राग मानू नका हां." मग मी नाव सांगितलं. नीरजा. घुगऱ्या वाटल्या. मी गोळी घेतलेली असल्यानं घाम येत होता, आणि सगळ्यांना वाटलं आत्याला भरून आलं.

बारशानंतर सव्विसाव्या दिवशी बाळाला ताप आला. डोळे लाल, ओठ फुटलेले, बोटांची कातडी सुटायला लागली. आठवड्यानं हृदयाची सोनोग्राफी झाली. हृदयाला रक्त देणाऱ्या बारीक नळीवर फुगा आला होता.

*

पोर आजारी पडली की आधी आईला धरायचं, ही आपल्याकडची पहिली तपासणी. तिला ना लॅब लागते ना पट्टी.

त्रिशला अंगणवाडीत सेविका. रजेवर होती, पण बारशाच्या आठवड्यात मुलांची वजनं घ्यायची होती आणि वरच्या बाईंचा फोन आला म्हणून दोन तास जाऊन आली होती. बास. आमच्या आईला तेवढं पुरलं.

"दोन तासांसाठी गेली आणि लेकीच्या काळजाला फोड घेऊन आली!" आई दवाखान्याच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

"मी हात धुतले होते ओ आई," त्रिशला म्हणायची. "आंघोळ करून मगच घेतलं हो तिला."

"शेंबड्या पोरांच्यात बसायचं, आणि वर आंघोळ केली म्हणे."

अभिनंदन गप्प. तो दोघींच्यात कायम गप्प. आणि मी? मी नुसती गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी म्हणाले, "त्या आठवड्यात अंगणवाड्यांमधून साथ होतीच म्हणे."

म्हणे! जणू मला कुणी दुसऱ्यानं सांगितलं होतं.

त्रिशलानं माझ्याकडे बघितलं. मी लॅबमधली बाई, मला माहीत असणार. त्या दिवशी तिनं स्वतःला दोषी धरलं. महिन्याभरात राजीनामा दिला. चार वर्षं ती त्या घरात अशी वावरली, जशी उधारीवर राहतेय. नीरजाला ताप यायचा, दर दोन-तीन महिन्यांनी यायचा, की त्रिशला भिंतीकडे तोंड करून रडायची. आणि मी तिच्या खांद्यावर हात ठेवायची. मी.

मग मागच्या वर्षी ती चाचणी आली. लोकांनी तिचं काय केलं ते बघा. फॉर्मवर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, 'हा अहवाल उपचारासाठी आहे, दोष देण्यासाठी नाही.' ते कोण वाचतंय? मालगावात एका आजोबांचं नाव मूळ म्हणून आलं, त्यांनी नातवाला उचलायचं सोडलं. एका डॉक्टरीणबाईच्या घरची धुणंभांडी करणारी बाई मूळ निघाली, तिला चार घरांनी काढलं. त्या बाईला ताप असताना सुट्टी कुणी दिली नव्हती, हे कुठल्या साखळीत लिहून येत नाही. सुना माहेरी पाठवल्या. पण ज्या माणसांची नावं आली त्यांचंच रक्त घेऊन पोरं बरी होत होती, हे सांगत फिरायला मात्र कुणी नव्हतं.

या सगळ्याची मला चीड होती. मी लॅबमध्ये तावातावानं बोलायची. आणि स्वतःचं नाव यायची वेळ आली तेव्हा मी काय केलं, ते वर सांगितलंच आहे.

*

अहवाल आला. घरात मूळ सापडलं नाही. सुवर्णाचं आणि शेजारणींचंही मागाहून तपासलं, तिथंही नाही.

"फुगा साडेसहा मिलिमीटरचा आहे," गुळवणी मॅडम म्हणाल्या. "आठाच्या वर गेला तर त्यात गुठळी धरायची भीती. आपल्याकडे तीन महिने आहेत असं समजा. बाहेरून कुणी सापडत असेल तर शोधा. नाही तर मी सरसकट औषध सुरू करते."

मला वाटलं त्रिशला कोसळेल. ती उलट उभी राहिली. चार वर्षांत पहिल्यांदा ताठ.

"वन्सं, त्या दिवशीची वजनाची यादी आहे माझ्याकडं. एकतीस पोरं. घरं मला पाठ आहेत. तुम्ही येता का रक्त काढायला? दुसऱ्या कुणाला पोरं हात लावू देणार न्हाईत."

मी गेले. रविवारी आणि रोज दुपारी, कामाची पेटी घेऊन, तिच्या मागे मागे.

पहिल्याच घरी दारात एक बाई उभी राहिली, हाताला पीठ. "चार वर्षांनी उठून आमच्या पोराला गुन्हेगार ठरवायला आलीस व्हय गं?"

"गुन्हेगार न्हाई ओ ताई. औषध. तुमच्या पोराच्या अंगात माझ्या पोरीचं औषध असंल."

"आणि पेपरात नाव आलं म्हणजे?"

"येणार न्हाई. माझ्या पोरीची शपथ. कुणाचं का निघंना, मी त्याच्या पाया पडीन. पाच वर्षाचं असलं तरी पडीन."

मी पेटी धरून मागे उभी होते. त्या बाईनं पीठ पुसलं आणि पोराला हाक मारली. तो आता सातवीतल्यासारखा दिसणारा दुसरीतला धटिंगण, पण सुई बघून आईच्या पदरात घुसला. त्रिशलानं त्याचा हात धरला, त्याला जुनं बडबडगीत म्हणून दाखवलं, त्याला ते आठवत होतं. मी सुई घातली.

काहींनी दार लावलं. एकीनं पाणी ओतलं अंगणात, आमच्या पायाजवळ. त्रिशला दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दारात. तेवीस दिवसांत एकोणीस पोरांचं रक्त मिळालं. एकोणीस पोरांना मी सुया टोचल्या, आणि प्रत्येक वेळी मला माहीत होतं की या नळीत काही सापडणार नाही. एक पोरगी इतकी रडली की तिला उचकी लागली. त्रिशलानं तिच्या तळहातावर चॉकलेट ठेवलं आणि मला म्हणाली, "वन्सं, तुम्ही नसता तर मला हे जमलंच नसतं बघा."

एकोणीसच्या एकोणीस जुळले नाहीत. मधल्या तपासणीत फुगा सातवर गेला होता.

*

दुपार होती. आम्हाला विसाव्या घरी निघायचं होतं. त्रिशला ओट्यापाशी डबा भरत होती, मी चटईवर बसून पेटीत नळ्या मोजून ठेवत होते. नीरजानं टोपलीत बाहुली निजवली होती.

"आत्ती, बारसं आहे. नाव सांग."

"तूच सांग की गं."

"मी आई आहे तिची. आई न्हाई सांगत. आत्तीच सांगती." तिला सगळं पाठ होतं. त्रिशलानं फोटो दाखवून दाखवून शिकवलेलं.

मी वाकले. प्लास्टिकचा कान, त्यात भोक पण नाही. तोंड टेकवलं. नीरजा मागे धावली, "आत्तीला मारायचं असतं!" म्हणून खिदळत माझ्या पाठीत इवलेसे धपाटे घालायला लागली. चार-पाच घातले आणि थांबली. धाप लागली होती. माझ्या पाठीला टेकून उभी राहिली, आणि तिचं काळीज माझ्या पाठीवर धडधडत होतं, चिमणी धरल्यासारखं.

"त्रिशला," मी म्हणाले, "यादी ठेव खाली."

"का? उशीर होतोय."

"कुणाकडं जायचं न्हाई. मूळ मी आहे."

तिला कळलंच नाही. "म्हणजे?"

"बारशाच्या दिवशी मला ताप होता. मी तपासलं होतं. दोन रेघा आल्या होत्या."

"पण तुमचं रक्त तपासलं की."

"ते माझं नव्हतं. दुसऱ्या बाईचं भरलं मी."

डब्याचं झाकण तिच्या हातात होतं. ते तिनं नीट ओट्यावर ठेवलं. "नीरू, आजी शेजारी गेलीय ना, तिच्याकडं जा. मी बोलावल्याशिवाय यायचं न्हाई." नीरजा बाहुली घेऊन गेली. त्रिशलानं दार लोटलं.

मी अजून टोपलीवर वाकलेलीच होते. पहिला धपाटा बसला तेव्हा कपाळ टोपलीच्या काठावर आपटलं. मग दुसरा, मग मोजायचं कारण उरलं नाही. मारताना तोंडातून नुसता श्वास निघत होता, धुणं आपटताना निघतो तसा. मी हात वर केला नाही. चार वर्षांपूर्वी हाच हात तिनं माझ्या पाठीवर टेकवला होता आणि माफी मागितली होती.

मग ती थांबली. खाली बसली. म्हणाली, "म्हणे साथ होती. असंच म्हणाला होता ना तुम्ही? म्हणे."

"हो."

"मी त्या दिवसापासून तिला उचलताना आधी हात धुते. अजून धुते. चार वर्षं. तुम्ही बघत होता."

"हो."

"एकोणीस पोरं रडवली माझ्याकडनं."

मी माफी मागायला तोंड उघडलं.

"ते नंतर," ती उठली. "चपला घाला. आधी रक्त."

रिक्षात ती बाहेर बघत बसली. लॅब आल्यावर म्हणाली, "आईंना तुम्ही सांगायचं, माझ्यादेखत. त्यांनी मला जे जे बोललंय ते मला शब्दाशब्दानं पाठ आहे. त्यातलं एक जरी त्यांनी तुम्हाला कमी बोललं, तर मी आठवण करून देणार."

माझ्या जागी त्या दिवशी शबाना होती. तिनं माझ्या दंडाला पट्टा बांधला. माझ्या शिरा चांगल्या आहेत, पहिल्या खेपेला मिळाली. नळी भरत गेली तशी त्रिशला तिच्यावरून नजर हलवत नव्हती. भरल्यावर तिनं ती शबानाच्या हातून घेतली, मुठीत धरली.

"चिठ्ठी द्या. मी लिहिते."

तिनं माझं पूर्ण नाव लिहिलं. खाली रकाना होता, 'रुग्णाशी नातं'. तिथं तिनं पेन इतकं दाबलं की कागद फाटला. 'आत्या' लिहिलं आणि नळी स्वतः नेऊन गुळवणी मॅडमच्या हातात दिली.

एका अक्षराच्या फरकानं जुळलं. मॅडमना मी नळीचं सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. नोकरी गेली, जायलाच हवी होती. आईनं सगळं बोलून घेतलं, एकही वाक्य कमी नाही, आणि मग दोन दिवस जेवली नाही. अभिनंदन अजून गप्प आहे. पण आता तो माझ्याशी गप्प आहे. मी एकोणीस घरी जाऊन आले, एकटी. पाणी ओतणाऱ्या बाईच्या घरी आधी गेले. तिनं आम्हाला रक्त दिलंच नव्हतं, तरी गेले.

माझ्या पेशींपासून औषध वाढवायला पाच आठवडे लागले. पहिली बाटली लावली त्या दिवशी मी दवाखान्यात गेले, पण लांब, पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिले. कुणी बोलावलं नव्हतं. फुगा उतरेल का, हे सहा महिन्यांनी कळेल. दहावं पोर कुठलं असतं ते आधी कुणाला सांगता येत नाही.

तीन तासांनी त्रिशला बाहेर आली. बाटली भरून पाणी घेतलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "उठलीय. आत्ती कुठं म्हणून विचारतीय."

"काय सांगितलंस?"

तिनं बाटलीचं झाकण लावलं. पुन्हा काढलं. पुन्हा लावलं.

"मास्क लावा," ती म्हणाली. "आणि कानाजवळ जायचं न्हाई."